कूटचलन
कूटचलन : कूटलेखनशास्त्राच्या आधारे संरक्षित केलेल्या व अनेक संगणकांवर एकाच वेळी राखलेल्या सामाईक नोंदवहीत ज्याचे अस्तित्व केवळ नोंदींच्या रूपाने असते, अशा देवघेवीच्या साधनास कूटचलन किंवा क्रिप्टोकरन्सी असे म्हणतात. ‘बिटकॉइन’ हे पहिले यशस्वी कूटचलन ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झाले व त्याच्या अनुकरणाने पुढे हजारो कूटचलने निघाली. रुपया, डॉलर इ. चलनांच्या मागे शासन व मध्यवर्ती बँक उभी असते. बिटकॉइनच्या मागे असा कोणीही देणेकरी नाही. ही नोंदवही कोणी लिहावयाची, तिच्यात खोटी नोंद होणार नाही याची तजवीज कशी करावयाची आणि नोंदवही बिनचूक राहूनही तिच्या आधाराने व्यवहार करणाऱ्यांचे पैसे का बुडतात, हे या विषयातील तीन मुख्य प्रश्न होत.

संज्ञा : ‘कूट’ या संस्कृत शब्दाचे ‘गूढ’ व ‘खोटे’ असे दोन्ही अर्थ आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रात बनावट नाणी पाडणाऱ्यास ‘कूटरूपकारक’ म्हटले आहे. प्रस्तुत संज्ञेत मात्र पहिला अर्थ अभिप्रेत असून, गुप्त संकेतांच्या शास्त्रावर आधारलेले चलन असा तिचा आशय आहे. ‘आभासी चलन’ ही संज्ञाही प्रचारात आहे. भारतीय करविषयक कायद्यात २०२२ पासून ‘आभासी डिजिटल मत्ता’ असा शब्दप्रयोग करण्यात आला असून, त्यात ‘चलन’ हा शब्द टाळलेला आहे.

नाणे, खाण, पाकीट असे शब्द या विषयात रूढ झाले आहेत. परंतु त्यांमुळे सर्वसामान्य वाचकाचा गैरसमजच अधिक होतो. बिटकॉइनचे नाणे असे कोठेही नसते. त्याच्या ‘खाणी’तून काहीही खणून निघत नाही आणि त्याच्या ‘पाकिटा’त पैसे नसतात. त्याचे स्वरूप समजून घेण्यास नाण्यापेक्षा रोजकीर्दीचा दृष्टांत अधिक उपयुक्त ठरतो.

रोजकीर्द व नाणे : नाण्याच्या व्यवहारात मालकी हातातील वस्तूबरोबर हस्तांतरित होते. नाणे खरे की खोटे, हे पाहण्याची व्यवस्था असली म्हणजे पुरते. पेशवाईत निरनिराळ्या टांकसाळींची नाणी एकाच वेळी चालत व त्यांचा कस आणि वजन पाहून बट्टा ठरविण्याचे काम पोतदार व सराफ करीत. हुंडीचा प्रकार निराळा आहे. हुंडी हा कागद असून त्याचे मोल ती स्वीकारणाऱ्या पेढीच्या पतीवर अवलंबून असते. बँकेतील ठेव ही याहून पुढची पायरी होय. तेथे खातेदाराच्या नावावर केवळ एक आकडा असतो आणि तो आकडा बरोबर लिहिण्याची जबाबदारी बँकेची असते [⟶ चलन, हुंडी].

नोंद किंवा लोकस्मृती हीच मालकी, ही कल्पना आधुनिक संगणकयुगातील नव्हे. पश्चिम पॅसिफिकमधील याप बेटावर चुनखडीच्या प्रचंड चकत्या द्रव्य म्हणून मानल्या जात. त्या जागेवरून न हलविता त्यांची मालकी बदलत असे. तेथील एका कुटुंबाची शिळा समुद्राच्या तळाशी गेलेली असून हयात लोकांपैकी कोणीही ती पाहिलेली नव्हती, तरीही त्या कुटुंबाची श्रीमंती सर्वांना मान्य होती, असे अमेरिकन प्रवासी विल्यम हेन्री फर्नेस यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नमूद केले आहे. लहान बेटावर सर्वांची स्मृती हीच नोंदवही होऊ शकते. परस्परांना न ओळखणाऱ्या लक्षावधी लोकांमध्ये अशी सर्वमान्य स्मृती कशी निर्माण करावी, हा कूटचलनाचा मूळ प्रश्न आहे.

दुबार खर्चाची अडचण : संगणकावरील कोणत्याही मजकुराची हुबेहूब प्रत काढता येते. नाण्याच्या बाबतीत अस्सल व नक्कल यांत कसोटीच्या दगडावर भेद करता येतो. संगणकावरील संख्येत तो करताच येत नाही. त्यामुळे एकच संख्या ‘पैसा’ म्हणून प्रथम एकास व नंतर दुसऱ्यास देणे शक्य होते. ही दुबार खर्चाची अडचण होय. ती दूर करण्याचा सरळ मार्ग म्हणजे खर्च झालेल्या संख्यांची यादी एखाद्या बँकेने ठेवणे. पण मग त्या बँकेवर विश्वास टाकावा लागतो, तिला प्रत्येकाचा व्यवहार कळतो आणि ती बुडाल्यास सर्व व्यवस्था कोसळते.

पूर्वपीठिका : १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी सार्वजनिक किल्लीच्या कूटलेखनाची कल्पना मांडली. या पद्धतीत परस्परसंबद्ध अशा दोन किल्ल्या असतात. खाजगी किल्लीने केलेली संदेशावरील ‘सही’ सार्वजनिक किल्लीने कोणासही पडताळून पाहता येते, परंतु सार्वजनिक किल्लीवरून खाजगी किल्ली शोधून काढणे व्यवहारतः अशक्य असते. सहीची नक्कल करता येणार नाही, अशी सोय यामुळे झाली.

डेव्हिड चौम यांनी १९८२ मध्ये ‘आंधळ्या सही’ची पद्धत सुचविली. कार्बन कागद घातलेल्या बंद लिफाफ्यावर बँकेने सही करावी, ती आतील कागदावर उमटावी, मात्र आतील मजकूर बँकेला दिसू नये, असा हा प्रकार होता. खर्च कोणी केला हे बँकेस न कळता पैशाचा खरेपणा तिला तपासता येई. चौम यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या ‘डिजिकॅश’ या कंपनीचे तंत्र अमेरिकेतील सेंट लूइस येथील मार्क ट्वेन बँकेने १९९५ मध्ये वापरात आणले. तथापि ग्राहक व व्यापारी पुरेसे मिळाले नाहीत आणि १९९८ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. व्यवस्थेच्या केंद्रस्थानी असलेली संस्था बंद पडताच तिचे चलनही संपले. हा धडा पुढील संशोधकांनी ध्यानात घेतला.

याच सुमारास दोन वेगळ्या गरजांतून कूटचलनाचे अन्य घटक सिद्ध झाले. स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्ये दस्तऐवजांवर विश्वसनीय कालमुद्रा उमटविण्याची रीत मांडली. तीत प्रत्येक नोंदीचा गणिती ठसा पुढील नोंदीत गुंफलेला असतो. मजकुरावर ठरावीक गणिती क्रिया करून मिळणाऱ्या विशिष्ट लांबीच्या संख्येस असा ठसा म्हणतात. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलतो. दुसरा घटक नको असलेल्या टपालाशी संबंधित आहे. सिंथिया ड्वर्क व मोनी नाओर यांनी १९९२ मध्ये व ॲडम बॅक यांनी १९९७ मध्ये असे सुचविले, की संगणकीय पत्र पाठविणाऱ्यास प्रत्येक पत्रामागे थोडे गणिती श्रम करावयास लावावेत. एका पत्रास ते जाणवणार नाहीत, पण लाखो पत्रे धाडणाऱ्यास ते परवडणार नाहीत. हा ‘श्रमाचा पुरावा’ होय. वे डाय यांनी १९९८ मध्ये आणि निक साबो यांनीही याच सुमारास या घटकांपासून मध्यवर्ती संस्थेविना चालणाऱ्या पैशाचे आराखडे मांडले. ते प्रत्यक्षात आले नाहीत.

बिटकॉइनचा उदय : ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने नऊ पृष्ठांचा एक निबंध आंतरजालावर प्रसृत झाला. हे नाव धारण करणारी व्यक्ती कोण, की ते अनेकांचे मिळून घेतलेले नाव आहे, हे अद्यापि सिद्ध झालेले नाही. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन वित्तसंस्था कोसळली होती आणि अनेक देशांत सरकारी पैशाने बँका सावरण्याचे प्रयत्न चालू होते. बिटकॉइनच्या पहिल्या पृष्ठात लंडनच्या द टाइम्स  या दैनिकाच्या ३ जानेवारी २००९ च्या अंकातील, बँकांना दुसऱ्यांदा मदत देण्याच्या शक्यतेविषयीचा मथळा कोरलेला आहे. त्यायोगे पृष्ठाची तिथी सिद्ध होते आणि कर्त्याचा रोखही सूचित होतो. १२ जानेवारी २००९ रोजी नाकामोतोने हॅल फिनी (१९५६–२०१४) या संगणकतज्ञास १० बिटकॉइन पाठविले. २२ मे २०१० रोजी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात १०,००० बिटकॉइनच्या मोबदल्यात दोन पिझ्झा घेण्यात आले. वस्तूच्या खरेदीचे हे पहिले सर्वज्ञात उदाहरण होय.

कार्यपद्धती : बिटकॉइनची नोंदवही ही एक सार्वजनिक रोजकीर्द आहे. तीत खातेदारांची नावे नसतात. केवळ संकेतस्वरूप पत्ते आणि एका पत्त्यावरून दुसऱ्याकडे गेलेल्या रकमा असतात. तिची संपूर्ण प्रत जगभरातील हजारो संगणकांवर असते व ती कोणासही वाचता येते. सुमारे दर दहा मिनिटांनी नवीन व्यवहारांचे एक पान तीत जोडले जाते. प्रत्येक पानात मागील पानाचा गणिती ठसा असल्यामुळे पाने जणू एकमेकांस शिवलेली असतात. जुन्या पानात फेरफार केल्यास त्यापुढील सर्व पानांचे ठसे चुकतात व लबाडी उघड होते. या रचनेस ‘ब्लॉकचेन’ म्हणतात.

नवीन पान लिहिण्याचा अधिकार कोणा एकाकडे नसतो. तो मिळविण्यासाठी विशिष्ट अटीत बसणारा ठसा देणारी एक संख्या शोधावी लागते. ही संख्या शोधण्याची कोणतीही युक्ती नाही. यंत्राने अब्जावधी वेळा प्रयत्न करीत राहणे एवढाच उपाय असतो. सापडलेली संख्या बरोबर आहे की नाही, हे मात्र इतरांना क्षणात पडताळता येते. ज्यास ती प्रथम सापडते त्याचे पान स्वीकारले जाते व त्यास नवे बिटकॉइन बक्षीस मिळतात. यालाच ‘खणन’ हे नाव आहे. वास्तविक ते मोबदला घेऊन केलेले कारकुनाचे काम होय. जुनी पाने खोटी पाडू इच्छिणाऱ्यास त्या पानापासून पुढचे सर्व श्रम नव्याने, व तेही इतर सर्वांहून अधिक वेगाने, करावे लागतील. लबाडी अशक्य नसते. ती अतिशय महाग असते. बिटकॉइनची सुरक्षितता या खर्चावर उभी आहे.

प्रारंभी प्रत्येक पानास ५० बिटकॉइन बक्षीस होते. दर २,१०,००० पानांनंतर, म्हणजे सुमारे चार वर्षांनी, ते निम्मे होते. एप्रिल २०२४ पासून ते ३·१२५ झाले. या नियमामुळे बिटकॉइनची एकूण संख्या २·१ कोटींपलीकडे जाणार नाही. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग पाडता येतात व अशा लघुतम भागास ‘सातोशी’ म्हणतात.

बिटकॉइनच्या तथाकथित पाकिटात फक्त खाजगी किल्ली असते. किल्ली ज्याच्याजवळ, त्याला रक्कम खर्च करता येते. किल्ली हरविल्यास रक्कम नोंदवहीत सर्वांना दिसत राहते, पण कोणासही वापरता येत नाही. किल्ली चोरीस गेल्यास चोराची सही मालकाच्या सहीइतकीच खरी ठरते. चुकीच्या पत्त्यावर गेलेली रक्कम परत मिळवून देणारे कार्यालय अस्तित्वात नाही. मध्यस्थ नसण्याची ही किंमत आहे.

विस्तार व आपत्ती : २०११ पासून ‘लाइटकॉइन’ वगैरे पर्यायी कूटचलने निघू लागली. व्हितालिक ब्यूतेरिन यांनी २०१३ च्या अखेरीस मांडलेले ‘इथेरियम’ हे जाल ३० जुलै २०१५ रोजी सुरू झाले. त्याच्या नोंदवहीत रकमांखेरीज अटी व करारही संगणकीय आज्ञांच्या रूपाने लिहिता येतात. जून २०१६ मध्ये ‘द डाओ’ या सामूहिक निधीच्या आज्ञावलीतील दोषाचा फायदा घेऊन सुमारे ३६ लक्ष ईथर काढून घेण्यात आले. जुलैमध्ये बहुसंख्य सहभागींनी ही रक्कम परत मिळावी अशा रीतीने नियम बदलले व ज्यांस ते मान्य नव्हते त्यांनी जुनी नोंदवही ‘इथेरियम क्लासिक’ या नावाने चालू ठेवली. नोंदवहीची अपरिवर्तनीयता शेवटी तिचा वापर करणाऱ्यांच्या सहमतीवर अवलंबून असते, हे या प्रसंगाने दाखवून दिले. श्रमाच्या पुराव्यास प्रचंड वीज लागते. बिटकॉइनचा वार्षिक वीजवापर एखाद्या मध्यम आकाराच्या देशाइतका असल्याचे अंदाज आहेत. इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ रोजी ही पद्धत सोडून अनामत ठेवलेल्या रकमेवर आधारित पद्धत स्वीकारली व त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला.

बहुसंख्य लोक स्वतः किल्ली न सांभाळता ती विनिमय केंद्रांवर सोपवितात. या केंद्रांत ग्राहकाच्या नावे जो आकडा दिसतो, तो ब्लॉकचेनवरील नसून त्या केंद्राच्या स्वतःच्या खातेवहीतील असतो. ज्या मध्यस्थास दूर सारण्यासाठी कूटचलन निर्माण झाले, तो अशा रीतीने परत आला. परंतु बँकांवर असलेले निर्बंध व ठेवींचा विमा मात्र त्याच्याबरोबर आले नाहीत. टोकिओ येथील ‘माउंट गॉक्स’ हे त्या काळातील प्रमुख केंद्र फेब्रुवारी २०१४ मध्ये बंद पडले, तेव्हा सुमारे ८,५०,००० बिटकॉइन नाहीसे झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्यांपैकी सुमारे २,००,००० नंतर सापडले. ‘एफटीएक्स’ या केंद्राने ११ नोव्हेंबर २०२२ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. ग्राहकांच्या पैशाच्या अपहाराबद्दल त्याचे संस्थापक सॅम बँकमन-फ्रीड यांना मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. त्यापूर्वी मे २०२२ मध्ये, डॉलरशी समान मूल्य राखण्याची ग्वाही देणारे ‘टेरायूएसडी’ हे चलन काही दिवसांतच कोसळले होते. पहिल्या दोन प्रसंगी बिटकॉइनची नोंदवही खोटी ठरली नव्हती. नुकसान झाले ते केंद्रांच्या चालकांवर टाकलेल्या विश्वासामुळे.

निरनिराळ्या देशांची धोरणे परस्परविरोधी आहेत. एल साल्व्हादोरने ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइनला विधिग्राह्य चलनाचा दर्जा दिला. परंतु आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी झालेल्या समझोत्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून ते स्वीकारण्याची सक्ती काढून टाकली. चीनने सप्टेंबर २०२१ मध्ये कूटचलनाचे सर्व व्यवहार बेकायदेशीर ठरविले. अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये बिटकॉइनवर आधारित निधींची शेअरबाजारात खरेदी-विक्री करण्यास परवानगी मिळाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये एका बिटकॉइनची किंमत प्रथमच एक लाख डॉलरवर गेली. यूरोपीय संघाची सर्वंकष नियमावली डिसेंबर २०२४ अखेर पूर्णपणे अंमलात आली.

भारत : भारतीय रिझर्व्ह बँकेने २४ डिसेंबर २०१३ रोजी आभासी चलनांतील धोक्यांबाबत जनतेस प्रथम सावध केले. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकान्वये तिने आपल्या नियंत्रणाखालील बँकांना असे व्यवहार करणाऱ्यांस सेवा देण्यास मनाई केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्द ठरविले. या विषयात हस्तक्षेप करण्याचा बँकेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. परंतु नियंत्रित संस्थांचे नुकसान झाल्याचे दाखविलेले नसता योजलेला उपाय प्रमाणाबाहेरचा आहे, असा निर्णय दिला. २०२२ च्या वित्त अधिनियमाने आभासी डिजिटल मत्तेच्या हस्तांतरणापासून होणाऱ्या उत्पन्नावर ३० टक्के कर बसविला आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहाराच्या रकमेतून १ टक्का करकपात लागू केली. या व्यवहारातील तोटा अन्य उत्पन्नातून वजा करता येत नाही. मार्च २०२३ मध्ये विनिमय केंद्रांना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आणण्यात आले. करपात्र असणे म्हणजे चलन म्हणून मान्यता असणे नव्हे. कूटचलन भारतात विधिग्राह्य नाही.

महाराष्ट्रातही या व्यवहारांतील फसवणुकीची झळ पोहोचली. बिटकॉइन गुंतविल्यास दरमहा १० टक्के परतावा देण्याचे आमिष दाखविणाऱ्या एका योजनेच्या प्रकरणी पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटका केल्या. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. नव्या सभासदांच्या पैशातून जुन्यांना परतावा देण्याचा हा प्रकार भिशी व साखळी योजनांतून परिचित असलेलाच होता. नव्या तंत्राच्या नावामुळे तो अनेकांस ओळखता आला नाही. जुलै २०२४ मध्ये ‘वझीरएक्स’ या भारतीय केंद्राच्या पाकिटातून सुमारे २३ कोटी डॉलर किंमतीची मत्ता चोरीस गेली व ग्राहकांची खाती गोठविली गेली.

कूटचलन, एकीकृत भरणा प्रणाली—म्हणजे यूपीआय—व डिजिटल रुपया यांची पुष्कळदा गल्लत केली जाते. २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय ही बँकेतील रुपये एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेण्याची सोय असून ते नवे चलन नव्हे. डिजिटल रुपया हा रिझर्व्ह बँकेनेच काढलेला रुपया होय. त्याचा घाऊक व्यवहारांसाठीचा प्रयोग १ नोव्हेंबर २०२२ रोजी व किरकोळ व्यवहारांसाठीचा १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईसह चार शहरांत सुरू झाला. नोटेप्रमाणेच तो मध्यवर्ती बँकेचे देणे असतो. बिटकॉइन हे कोणाचेही देणे नसते.

मूल्यमापन : पैशाची परंपरागत तीन कार्ये म्हणजे विनिमयाचे माध्यम, मूल्यमापनाचे परिमाण व मूल्यसंचयाचे साधन. बिटकॉइनच्या नोंदवहीत दर सेकंदास सुमारे सातच व्यवहार सामावू शकतात आणि त्याच्या किंमतीत तीव्र चढउतार होत असतात. त्यामुळे पहिली दोन कार्ये त्याच्याकडून फारशी साधलेली नाहीत. तिसऱ्याविषयी तज्ञांत मतभेद आहेत. मर्यादित पुरवठ्यामुळे ते सोन्यासारखे आहे, असे समर्थक म्हणतात. सोन्याला दागिने व उद्योग यांत जो स्वतंत्र उपयोग आहे तसा बिटकॉइनला नाही व पुढील खरेदीदार अधिक किंमत देईल या अपेक्षेवरच त्याचे मोल टिकून आहे, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. ज्या देशांत चलनवाढ अनिर्बंध आहे किंवा परदेशी रक्कम पाठविण्यावर कडक बंधने आहेत, तेथील नागरिकांना त्याचा काही उपयोग झाला आहे. त्याच गुणांचा लाभ खंडणीखोर व अमली पदार्थांचे व्यापारी यांनीही घेतला.

परस्परांस अनोळखी माणसांना कोणत्याही मुनिमाशिवाय एकच रोजकीर्द राखता येते, हे बिटकॉइनने सिद्ध केले. संगणकशास्त्राच्या इतिहासात ही महत्त्वाची घटना होय. परंतु रोजकीर्द फक्त रक्कम कोणत्या पत्त्यावरून कोठे गेली, एवढेच सांगते ; ती स्वखुशीने दिली की फसवणुकीने काढून घेतली, मोबदला मिळाला की नाही आणि उद्या तिला काही मोल राहील की नाही, हे ती सांगू शकत नाही. हे प्रश्न कायदा, न्यायालय, लेखापरीक्षण व व्यवहारातील सचोटी यांच्या कक्षेतील असून, गुंतवणूक करणाऱ्यास त्यांची उत्तरे नोंदवहीबाहेरच शोधावी लागतात.